मागच्या अंगणात गुडघाभर पाणी: भर टाकू की नको?

अंगणवाला
नमस्कार मंडळी. आमचं घर पुण्यात, सहकारनगरच्या बाजूला. जुन्या बंगल्यांची सोसायटी. आजोबांनी सत्तरच्या दशकात बांधलेलं घर, दगडी जोतं. मागे परस: नारळ, दोन पेरू, धुण्याचा दगड. माझ्या लहानपणी कितीही पाऊस झाला तरी तासाभरात परस रिकामा व्हायचा. अलीकडे मात्र जोराची सर आली की पाणी चढतं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलत नाही. यंदा स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीला लागलं आणि पडवीतल्या वॉशिंग मशीनची मोटर गेली.

ठेकेदार म्हणतो, दीड फूट मुरूम भरू, वर पेव्हर ब्लॉक टाकू, टेन्शन संपलं. आईचं म्हणणं शोषखड्डा घे. भाऊ म्हणतो पंप बसव. बायको म्हणते पेरूच्या बुंध्यावर दीड फूट माती टाकलीत तर तुम्हालाही तिथेच पुरेन. घरात चार पक्ष आणि बहुमत कोणालाच नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

मूषकराज
भर टाकल्यावर पाणी शेजारी जाईल. शेजारी कसा आहे ते आधी सांगा, मग सल्ला देतो.

निवृत्त_ओव्हरसियर
अंगणवाला, इतक्यात काही करू नका. ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवा.

गवंड्याकडे पाण्याची लेव्हल नळी असते, ती घेऊन चार उंच्या मोजा: घराचं जोतं, परसाची जमीन, समोरच्या रस्त्याचा माथा, आणि रस्त्याकडेच्या पावसाळी चेंबरचा तळ. झाकण नव्हे, तळ. हे चार आकडे कागदावर आल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. परसापेक्षा चेंबरचा तळ खाली असेल तर पाणी आपसूक जाईल, कुठे अडतंय तेवढं शोधायचं. तळच वर असेल तर मग गोष्ट वेगळी.

आणि एक सांगा, समोरचा रस्ता गेल्या वीस वर्षांत किती चढला?

सदाशिवपेठी_खवट
फाटकावर पाटी लावा: "येथे पाणी सोडू नये. हा नियम पावसालाही लागू आहे." बाकी उपाय लोक सांगतीलच.

कर्दळ
पूर्वी मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू, कर्दळ आणि केळ लावलेली असायची. पाणीही मुरायचं आणि भाजीही व्हायची. तुमच्याकडे मागे फरशी केली आहे का हो? सगळीकडे फरशी, पेव्हर ब्लॉक आणि वर म्हणायचं पाणी मुरत नाही.

मूषकराज
कर्दळताई, अळू लावला तर गुडघाभर पाण्यात फदफदं तयार मिळेल.

केळफूल
मूषकराज, दाणे आणि मुळा विसरू नका. ताकातलं की चिंचेचं?

सदाशिवपेठी_खवट
चिंचेचं. यावर चर्चा नको.

संत्रानगरी
आमच्या नागपूरचं सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट सगळं पाण्यात. हे काही झोपडपट्टीतले लोक नव्हते भाऊ, निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, जुने प्रशस्त बंगले. मामाच्या घरी गाडी बंगल्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात तरंगत गेली. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं.

सांगायचं कारण हे की मामानं आधीच अंगणात दोन फूट भर टाकली होती. पाणी आलं ते मागच्या नाल्याकडून, भिंत पाडून. भरीनं वरचा पाऊस थांबते, नाल्याचं पाणी थांबत नाही. तुमच्याकडे पाणी कुठून येतंय ते आधी पाहा ना बापा.

केळफूल
मी विरुद्ध मत मांडते. कोथरूडला आम्ही भर टाकली, वर ब्लॉक, कडेनं उतार, आणि तेव्हापासून परसात थेंब थांबत नाही. डास गेले, चिखल गेला, सासूबाईंचं घसरून पडणं थांबलं. सगळ्यांनी निसर्गाचे गोडवे गायचे आणि घरात ओल सहन करायची, हे मला पटत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
केळफूल, तुमचा उतार कुठे संपतो?

केळफूल
मागच्या भिंतीकडे. तिथे मोकळा प्लॉट आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
आहे तोवर आहे.

हाऊसगल्ली
मुंबईकराची हजेरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. त्यामुळे "शहरात इतका पाऊस झाला" या वाक्यावर कधी विश्वास ठेवू नका, तुमच्या गल्लीत किती झाला ते विचारा. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबानं बांधलेली, तीही ओहोटी असताना. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याबद्दलच्या) अहवालानं ती ताशी ५० करायला सांगितली, आणि ते काम एका पिढीनं सुरू करून दुसरीच्या हाती दिलं. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जातच नाही, म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे पंपिंग स्टेशनं आली.

पुण्यात समुद्र नाही ही मोठी सोय आहे. उतार आहे, नदी आहे, ओढे आहेत. तरी पाणी तुंबतं म्हणजे कोणीतरी मेहनत घेतलेली दिसते.

सदाशिवपेठी_खवट
मुंबईकरांनी पुण्याच्या उताराचं कौतुक केलं, तारीख नोंदवून ठेवा.

अंगणवाला
सर्वांचे आभार. ओव्हरसियरकाका, रविवारी गवंड्याला बोलावून मोजलं. जोतं परसापेक्षा पावणेदोन फूट वर. रस्ता परसापेक्षा तब्बल चौदा इंच वर! चेंबरचा तळ परसाच्या जमिनीच्या जेमतेम दोन इंच खाली, त्यात वीतभर गाळ, म्हणजे आज तरी वरच. आजोबांच्या वेळी फाटकातून रस्त्यावर जायला दोन पायऱ्या उतरायचो. आता रस्त्यावरून एक पायरी उतरून घरात येतो. रोज येता-जाता ती पायरी पाय ओळखतो, डोक्यात मात्र कधी शिरलं नव्हतं.

आणखी एक. डाव्या बाजूच्या बंगल्याच्या जागी आता सात मजली इमारत झाली आहे, त्यांचा प्लॉट आमच्यापेक्षा वर, पूर्ण काँक्रीट.

निवृत्त_ओव्हरसियर
आता बोलता येईल.

रस्ता का चढतो? खरवडून नवा थर टाकायचा असतो, तो जुन्यावरच टाकतात. डांबरावर डांबर, मग काँक्रीट. प्रत्येक थराला दोन-तीन इंच, काँक्रीटला त्याहून कितीतरी जास्त. जुन्या वसाहतीतले प्लॉट मूळचे रस्त्यापेक्षा उंच होते, म्हणून सगळं पाणी पुढे रस्त्यावर जायचं. आता त्याच प्लॉटांची बशी झाली आहे. तुमच्यासारखी शेकडो घरं आहेत.

आता हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची समजा दीड हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. तासात ५० मिमी पडला तर एकट्या गच्चीवरून सात हजार लिटर. हे पाणी आज कुठे पडतं? माझा अंदाज: मागच्या दोन पाइपांतून थेट परसात.

गच्चीचं पाणी खाली पडूच द्यायचं नाही. ते आधीच दहा-बारा फुटांवर आहे, त्याला रस्त्याची चौदा इंच उंची काहीच नाही. पाइपांचे सांधे पक्के बंद करून, जमिनीखालून न आणता भिंतीच्या कडेनं पुढे न्या आणि थेट रस्त्याच्या पावसाळी चेंबरला सोडा. मधे कुठे उघडं तोंड ठेवू नका, नाहीतर तिथूनच कारंजं उडेल. फक्त हे केलं तरी तुमचं निम्मं पाणी गेलं.

आणि सांडपाण्याच्या ड्रेनेजला ते पाणी अजिबात जोडू नका. सगळे तेच करतात, मग जोराच्या पावसात ड्रेनेजची लाइन भरते आणि गल्लीत ज्याची मोरी सगळ्यात खाली त्याच्या मोरीतून वर येते. तुमच्या गल्लीत ती तुमचीच असणार.

पंचगंगेकाठी
काकांचं बरोबर हाय. आमच्या कोल्हापुरात २०१९ ला आणि २०२१ ला नदी वर आली तवा गटारं उलटी वाहत होती. पाऊस उघडलेला, वर ऊन, आणि न्हाणीतनं पाणी वर. शेवटच्या चेंबरमधे उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. पण बसवून विसरायचं न्हाई. त्यात चिंधी अडकली की झडप उघडीच राहते. दर मे महिन्यात झाकण काढून हात घालून बघायचं. वास येतो. यिऊ दे.

चिपळूणची_लेक
चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात आली तेव्हा आम्ही माळ्यावर होतो, त्यामुळे गुडघाभर म्हटलं की मला हसू येतं, राग मानू नका. पण एक सांगते. पाण्यातून चालताना काठी घेऊन चाला. पाणी लवकर जावं म्हणून लोक मॅनहोलची झाकणं उघडतात आणि तशीच टाकून जातात. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ ला एक नामांकित डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये गेले. सोसायटीत कोणी झाकण उघडणार असेल तर तिथे माणूस उभा करा.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इकडे १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसानं आमच्या भागातली तळघरं भरली. आमचंही घर जुनं, मागचं अंगण शेजाऱ्यांपेक्षा खाली. इथे घराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवतात, पाणी वर आलं की तरंगणाऱ्या स्विचनं आपोआप सुरू होतो. उत्तम. फक्त पंपाची गरज लागते नेमकी तेव्हाच वीज जाते. त्यामुळे बॅटरी हवीच. अंगणात आम्ही खडीचा चर खणून आत भोकं असलेला पाइप टाकला आहे, कापडात गुंडाळून. कापड नसेल तर दोन-तीन वर्षांत मातीनं बुजतो.

मूषकराज
इकडे वीज तर ढग दिसले तरी जाते, पाऊस लांबच राहिला.

निवृत्त_ओव्हरसियर
एडिसनकर, बरोबर. पण पंपाच्या मर्यादाही सांगतो. अर्ध्या एचपीचा पाण्यात बुडणारा पंप मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे लिटर काढेल. गच्ची, परस, आणि वरच्या प्लॉटचं पाणी मिळून त्याच्यावर आलं तर तो हरणार. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गच्ची वेगळी, मग शेजारचं पाणी, आणि जे उरेल तेवढंच पंपाला.

शोषखड्ड्याबद्दल आईंना सांगा, आधी परीक्षा घ्या. कोरड्या दिवशी दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात किती इंच उतरतं ते पट्टीनं बघा. मुरूम असेल तर चांगलं उतरेल. काळी माती असेल किंवा खाली लगेच बेसॉल्टचा कातळ असेल तर तो खड्डा म्हणजे हौद, पहिल्या सरीतच भरून बसेल. आणि घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब घ्या, नाहीतर पायाच पाणी पिईल.

कर्दळ
आमच्याकडे पर्वतीजवळ खणलं तर चार फुटांवर कातळ लागला. सब्बल टणकन वाजली. शोषखड्डा तिथेच बाद.

वकीलीणबाई
कायद्याचं थोडं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये उदाहरणच आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी ठरावीक पात्रातून न वाहता नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर जात असेल, तर खालच्या मालकानं ते जाऊ द्यायचं. म्हणजे अंगणवाला, तुम्ही भर टाकून किंवा भिंतीची भोकं लिंपून वरच्याचं नैसर्गिक पाणी अडवलंत तर तुम्हीच अडचणीत येऊ शकता. पण "नैसर्गिक" या शब्दावर सगळं आहे. शेजारच्या इमारतीनं पूर्ण प्लॉट काँक्रीट करून सगळं पाणी एका पाइपानं तुमच्या भिंतीवर सोडलं असेल तर ते नैसर्गिक राहत नाही.

कोर्टात जा असं म्हणत नाहीये. निकाल लागेपर्यंत पेरूचं झाड स्वतःहून वाळेल. पाऊस चालू असताना व्हिडिओ काढा, तारीख-वेळ दिसेल असा, आणि त्यांच्या सेक्रेटरींना चहाला बोलावून दाखवा.

मूषकराज
या धाग्यावर सगळे उपाय चहाशी येऊन थांबतात.

संत्रानगरी
पावसात सेक्रेटरीला परसातच चहा पाजा. खुर्ची पाण्यात.

हाऊसगल्ली
एक मुद्दा राहून जातोय. जुन्या वसाहतींत दोन बंगल्यांच्या पाठीला पाठ लागते तिथे अरुंद पट्टी सोडलेली असते. आमच्याकडे हाऊसगल्ली म्हणतात, तुमच्याकडे बोळ म्हणत असतील. त्यात उघडं गटार असायचं. आता तिथे कोणाची पाण्याची टाकी, कोणाचं शेड, कोणाचा जुना कमोड. तुमचं लहानपणीचं पाणी तासाभरात जात होतं ते पुढून जात होतं की मागून? आईंना विचारा.

अंगणवाला
हाऊसगल्ली, धन्यवाद! आईला विचारलं तर ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "मागे गटार होतं की. तुझ्या बाबांचा क्रिकेटचा चेंडू तिथेच जायचा."

काल मागच्या भिंतीपाशी शिडी लावून पाहिलं. तीन फुटांचा बोळ आहे. वर कोणीतरी ब्लॉक टाकलेत, त्यावर कुंड्या. मागच्या काकांची परवानगी घेऊन चार ब्लॉक उचलले. खाली घडीव दगडांची सुंदर पन्हळ, नऊ इंच रुंद, अजून शाबूत. आत गच्च गाळ, शहाळ्याच्या करवंट्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक अख्खा क्रिकेटचा चेंडू. आमच्या भिंतीच्या तळाशी दोन भोकं होती, ती सिमेंटनं बुजवलेली. माझ्याच घरच्यांनी, उंदीर येतात म्हणून.

मूषकराज
पुन्हा आमच्यावर.

निवृत्त_ओव्हरसियर
वा! आता ती पन्हळ कुठे जाते ते शोधा. सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशावर असे बोळ आणि ओघळ दाखवलेले असतात. सोसायटीकडे मंजूर लेआऊटची प्रत असेल तर उत्तम, नसेल तर माहितीच्या अधिकारात पावसाळी वाहिन्यांचा नकाशा मागा. तुमच्या भागाचा उतार पाहता शेवट आंबिल ओढ्याकडे असणार.

कर्दळ
आंबिल ओढा म्हटलं की अजून काटा येतो. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजकडून पाणी आलं आणि अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल... शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली ती आमच्यापासून फार लांब नाही. अवांतर होईल, पण या ओढ्याला आपण काही आज छळत नाही, पेशवाईतच त्याचा प्रवाह वळवला होता. फरक इतकाच की तेव्हा दोन्ही काठांना मोकळी जागा होती.

सदाशिवपेठी_खवट
म्हणजे पेशव्यांना दोष देण्याची सोय याही धाग्यावर झाली. चालू द्या.

केळफूल
माझा मोकळा प्लॉट! इतक्यात तिथे पाटी लागली आहे, "भव्य गृहप्रकल्प, लवकरच". ओव्हरसियरकाका, तुमच्या जिभेला काही हाड?

निवृत्त_ओव्हरसियर
केळफूल, घाबरू नका, अजून वेळ आहे. त्यांचा पाया खणायच्या आधी तुमच्या पाण्याचा निकास पुढच्या रस्त्याकडे वळवा. त्यांच्या इंजिनिअरशी आताच बोला, मजले चढल्यावर कोणी ऐकत नाही. शिवाय तळघर खणताना ते दिवसरात्र पाणी उपसून बाहेर सोडतील, ते कुठे सोडणार हेही विचारून ठेवा.

अंगणवाला
अहवाल देतो. गच्चीचे दोन्ही पाइप भिंतीच्या कडेनं पुढे नेले, पावसाळी चेंबरला जोडले. चेंबरमधला गाळ काढून घेतला, तक्रार केल्यावर माणसं आली, त्यांना सोसायटीतल्या आजोबांनी उभं राहून काम करायला लावलं. मागच्या बोळातली पन्हळ आमची आणि मागच्या काकांची मिळून साफ केली, भोकं उघडली, त्यांना बारीक जाळी बसवली. शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरीणबाईंनी व्हिडिओ पाहिला. त्यांच्या पाइपाचं तोंड आमच्या भिंतीकडे होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. वळवून देऊ म्हणाल्या, अजून वळवलेलं नाही. मोठा पाऊस झाला नाही, मधल्या एका बऱ्यापैकी सरीला पाणी चाळीस मिनिटांत गेलं.

पन्हळ तीन घरं सोडून पुढे एका शेडखाली गायब होते. शेडचे मालक भेटायला तयार नाहीत.

तर मूळ प्रश्न: भर टाकायची का?

निवृत्त_ओव्हरसियर
नाही. जोत्यापासून परसाकडे थोडा उतार द्या, दहा फुटांत सव्वा इंच पुरे. पेरू आहे तिथे माती हलवू नका. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन बाय दोनचा खड्डा बांधून पंप ठेवा, पण त्याचा पाइप गच्चीच्या पाइपाला जोडू नका, वेगळा न्या. नाहीतर गच्चीचं पाणी उलटं खड्ड्यात येईल. स्विचबोर्ड जोत्याच्या दोन फूट वर, आणि वॉशिंग मशीन पडवीतून हलवा.

वकीलीणबाई
शेडवाल्यांना एकट्यानं भेटू नका. बोळाला लागलेली सगळी घरं मिळून सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या, लेआऊटची प्रत जोडून. तरी नाही ऐकलं तर मग वॉर्ड ऑफिसला तक्रार.

अंगणवाला
पंप अर्ध्या एचपीचा घेऊ की एकचा?

निवृत्त_ओव्हरसियर
अर्धा. एकच्या पंपाला तुमचा खड्डा दोन मिनिटांत आटेल आणि तो सारखा चालू-बंद होऊन जळेल.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
छान धागा. आमच्याकडे तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूममधून पाणी वर येतं आणि वरचे सातही मजले म्हणतात आमचा काय संबंध. व्हॉल्व्हचा खर्च कोणी करायचा?

वकीलीणबाई
सोसायटीनं. वेगळा धागा काढा, इथे दबून जाईल.